वेणी हेल्मेटखाली मावत नाही

या महिन्याच्या टपालात केसांवरची पत्रं तीन निघाली. मैदानावरचे प्रश्न विचारा म्हटलं की गुडघे, घोटे, पाळी, प्रोटीन पावडर यांवरच पत्रं येतात, त्यामुळे मलाही जरा नवल वाटलं. पहिल्या पत्राला उत्तर लांबलं आहे. बाकीच्या दोघांनी समजून घ्यावं.

प्रश्न : मॅडम, मी एकोणीस वर्षांची आहे, नागपूरला त्रिमूर्तीनगरमध्ये राहते, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दीड वर्षापासून सायकल चालवते. सुरुवातीला फुटाळ्यापर्यंत जायची, मग कळमेश्वर, आता रविवारी रामटेक जाऊन येते. या थंडीत दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करायची आहे, साडेतेरा तासांच्या आत. माझे केस कमरेच्या खाली आहेत आणि हेल्मेट काही केल्या नीट बसत नाही. आमच्या ग्रुपला शिकवणारे सर म्हणतात, "सिरियस असशील तर बॉयकट कर, नाहीतर टाइमपास करू नको." घरी कात्रीचं नाव काढलं तर आजी रडायला बसली. मावशी म्हणाली, "पुढच्या वर्षी स्थळं पाहायची अन् हिचं हे काय चाललं व?" आई काहीच बोलत नाही, पण रात्री डोक्याला तेल लावायला बसते तेव्हा हल्ली जास्तच वेळ लावते. कापू की नको?

उत्तर : आईच्या तेलाचं तू एका ओळीत उरकलंस, पण तुझ्या पत्रातली सगळ्यात अवघड ओळ तीच. तिच्यावर येतेच. आधी हेल्मेट.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी शेजारच्या दहावीतल्या पोरीला गॅलरीत बसवलं. तिचेही केस कमरेपर्यंत आहेत. भाच्याचं सायकलचं हेल्मेट मागून आणलं आणि एकेक प्रकार बांधून पाहिला. सायकलच्या हेल्मेटला मागे एक पट्टी असते, गोल कळ फिरवून ती आवळायची. ही पट्टी डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली जाऊन बसली पाहिजे. तरच हेल्मेट सपाट राहतं, आणि पुढची कड भुवईच्या वर दोन बोटं येते. उंच पोनी बांधली तर पट्टी रबरावरच अडली, हेल्मेट टोपल्यासारखं वर तरंगत राहिलं. मान हलवायला सांगितली तर सगळंच डुललं. मग मानेशी अंबाडा घातला. उभी होती तोवर झकास. पण तिला मी स्टुलावर बसवून सायकलवर वाकतात तसं वाकवलं आणि समोर बघ म्हटलं, तर अंबाड्याने हेल्मेट मागून ढकललं आणि पुढची कड थेट डोळ्यांवर! वर्धा रोडवर मागून ट्रक येत असताना हे झालं तर काय, याचा विचार तूच कर.

शेवटी जमलं ते दोन वेण्यांत. मधोमध भांग, वेण्या कानामागे पट्टीच्या खालून सुरू केलेल्या, सैलसर. हेल्मेट असं बसलं की पोरगी स्वतःच म्हणाली, "आता नाही हलत." लांबीचं काय करायचं, तर आपण शाळेत करायचो तेच. वेण्या दुमडून वर आणायच्या आणि रिबिनीने बांधायच्या. लांबी निम्मी होते. रिबीन मात्र कानापाशी नको, मानेच्या खाली बांध, म्हणजे हनुवटीच्या पट्ट्याला अडचण होत नाही. एकच वेणी घालून ती जर्सीच्या आत सोडतात काही जणी. दहा-वीस किलोमीटरला ठीक आहे. दोनशेला पाठीवर घामाने भिजलेलं दोरखंड घेऊन बसल्यासारखं होईल आणि कातडी सोलून निघेल. मोकळी सोडलीस तर वाऱ्यावर गाठी होतात, आणि मागे खिशातलं केळं काढायला हात घातला की आधी वेणीच हातात येते.

पोनी घट्ट ओढून बांधायची सवय असेल तर तीही सोड. रोज ताण पडला की कपाळावरची केसांची रेघ मागे सरकायला लागते. त्वचेचे डॉक्टर त्याला ट्रॅक्शन अॅलोपेशिया म्हणतात, आणि फार दिवस दुर्लक्ष केलं तर तिथले केस परत येत नाहीत.

तर केस ठेवून हेल्मेट बसतं, एवढं तरी गॅलरीत सिद्ध झालं. म्हणजे सरांचं 'सिरियस असशील तर' हे सायकलचं शास्त्र नाही, ते सरांचं मत आहे.

सायकलच्या शर्यतींत केसांवरून सर्वांत जास्त चर्चा झाली ती एका पुरुषाच्या केसांची, हे तुझ्या सरांना ठाऊक असेलच. १९८९ ची टूर द फ्रान्स. लॉराँ फिन्योन पन्नास सेकंदांनी पुढे होता आणि शेवटचा टप्पा होता व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत, साडेचोवीस किलोमीटर, एकेकट्याने घड्याळाविरुद्ध. फिन्योन उघड्या डोक्याने निघाला, मागे सोनेरी पोनी उडत होती. ग्रेग लेमाँडने निमुळतं हेल्मेट घातलं होतं आणि हँडलला पुढे आलेल्या दांड्या लावल्या होत्या, हात पुढे जोडून वाकून चालवायच्या. तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापल्यावर फिन्योन आठ सेकंदांनी हरला. तेव्हापासून त्या पोनीने किती वारा अडवला याचा हिशेब लोक मांडत आले आहेत. त्या दांड्यांनी आणि हेल्मेटने फरक पाडला हे उघड आहे, पोनी त्यामानाने किरकोळ. पण एक बघ, त्याला जे बोलले ते वाऱ्याबद्दल बोलले. पोनी ठेवली म्हणून हा पुरुष कसला, असं नाही. पुढे पीटर सागान हा सायकलपटू खांद्यावर केस सोडून २०१५, २०१६ आणि २०१७ असा सलग तीनदा जगज्जेता झाला. आपल्याकडे धोनीचे केस २००६ मध्ये लाहोरच्या मैदानावर मुशर्रफनीच वाखाणले, कापू नकोस म्हणाले. नीरज चोप्राने टोकियो ऑलिंपिकच्या आधी केस कापले ते घाम येतो आणि त्रास होतो म्हणून. बातमी आली, संपली. त्याच्या मावशीने स्थळांचा विषय काढला असेल असं मला वाटत नाही.

आणि लांब केसांनी वेग जातो म्हणणाऱ्यांसाठी फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर. केस मोकळे, नखं लांब आणि रंगवलेली, आणि १९८८ मध्ये शंभर मीटर १०.४९ सेकंदांत. हा लेख लिहीपर्यंत तरी तो विक्रम कोणा बाईने मोडलेला नाही.

खेळ बदलला की केसांचं गणित बदलतं हे खरं. कबड्डीत चढाई करणारीला हात-पाय किंवा धड सोडून कुठे धरायचं नाही हा नियम आहे, तरी झटापटीत वेणी हातात येतेच. कुस्तीत तर केस म्हणजे वजन. पॅरिसला २०२४ च्या ऑगस्टमध्ये विनेश फोगाटचं वजन पन्नास किलोच्या वर राहिलं, म्हणून फायनलच्या आदल्या रात्री तिचे केससुद्धा कापले. तरी सकाळी शंभर ग्रॅम जास्त भरलं. ती कात्री मला समजते. तिथे काट्यावर उभं राहायचं होतं. तुला साडेतेरा तास सायकलवर बसायचं आहे.

आता मी सरांवर एवढी का घसरले ते सांगते. एके काळी ती कात्री माझ्या तोंडी होती.

१९८३ मध्ये मी सतरा वर्षांची होते, खो-खो खेळायची, मांडीपर्यंत वेणी. जिल्ह्याच्या सामन्यात मी रिंगणातून वळले आणि पाठलाग करणारीचा हात माझ्या अंगाला लागलाच नाही, वेणीच्या शेवटच्या वितीला लागला. पंचांनी शिट्टी मारली. बरोबरच मारली. मी घरी आले आणि बहिणीकडून खांद्यापर्यंत केस कापून घेतले. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की वेणी म्हणजे हार.

पुढे मी शाळेत खेळ शिकवायला लागले. १९९४ च्या हिवाळ्यात स्पर्धेच्या दहा दिवस आधी बाराही पोरींना सांगितलं, "सोमवारी सगळ्या बॉयकट करून या. ज्यांना नाही जमत त्यांनी येऊ नका." तुझ्या सरांची भाषा, शब्द तेवढे वेगळे. सोमवारी अकरा जणी कापून आल्या. बारावी आमची सूर मारणारी, खांबावरून अशी झेपावायची की समोरची पोरगी जागीच थिजायची. ती मंगळवारी आली. बापाने घरच्या कात्रीने कापले होते, एका कानाशी वर, दुसऱ्या कानाशी खाली. ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. दुपारच्या सुट्टीत तिची आई शाळेत आली. हातात पेपरात गुंडाळलेली पुडी होती, सुतळीने बांधलेली. माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, हे तुमच्यापाशीच राहू द्या. मले घरात पाहवत नाही." एवढंच बोलून गेली. पुडी उघडायची गरज नव्हती, एका बाजूने लाल रिबिनीचं टोक दिसत होतं.

आम्ही उपांत्य फेरीत हरलो. केसांमुळे नाही, खो देताना दोनदा चुकलो म्हणून. दिवाळीनंतर ती पोरगी मैदानावर आली नाही. मी शाळेच्या गेटपाशी दोनदा अडवून विचारलं, तर म्हणाली, "घरून नाही म्हणतात." कदाचित तेच कारण असेल. पण वेणी ठेवून ती सूर मारायची तेव्हा चांगली मारायची, हे मी तीस वर्षं विसरलेले नाही.

म्हणून सरांना विचार, हेल्मेट नीट बसलं तर त्यांची अजून काही हरकत आहे का. हरकत उरली तर तो प्रश्न तुझ्या डोक्याबाहेरचा आहे.

आता आजी. तिच्यावर चिडू नकोस. आपल्याकडे बाईचे केस कापले जाणं म्हणजे काय होतं हे तुझ्या पिढीला पुस्तकात वाचावं लागतं, आजीने कदाचित आपल्या आजीत पाहिलं असेल. नवरा गेला की न्हाव्याला बोलवायचे आणि बाईचं डोकं करायचे. १८९० मध्ये मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनीच सभा घेऊन ठरवलं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनीच तो खाली ठेवला. तरी घराघरांतून ते चालू राहिलं. अजूनही भांडणात 'बोडकी' हा शब्द तोंडातून निघतो की नाही, बघ कान देऊन. आजी त्या शब्दाला रडली असेल, तुझ्या सायकलला नाही. तिच्याजवळ बसून एवढंच सांग की कात्री कोणी लावली तर ती मीच लावेन. लाडाने सांग, भाषण देऊ नको.

मावशीचं उत्तर सोपं आहे. केसांच्या लांबीवरून जो मुलगा नाही म्हणेल, तो पुढे रामटेकलाही नाहीच म्हणणार. हे मावशीसमोर बोलायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी तुझ्या वयाची असते तर बोलले असते आणि दोन दिवस घरात तोंड फुगवून बसले असते.

आणि आई. ती तेल लावते तेव्हा तुला काही सांगत नाही, पण तुला धरून ठेवते. आठवड्यातून दोनदा अर्धा तास तुझं डोकं तिच्या हातात असतं. तू कॉलेजला, सायकलवर, उद्या आणखी कुठे. तो अर्धा तास जाईल असं तिला वाटत असेल. केस कापलेस तरी टाळू तिथेच राहते, तेल टाळूलाच लावायचं असतं, एवढं तिला कळव. न सांगता कापून येऊ नको. पार्लरमधून येऊन दारात उभी राहू नको. माझी ती पुडी आठव.

मग कापू की नको? एक महिना दोन वेण्यांनी चालव. नवतपात नको, तेव्हा नागपुरात कशावरच निर्णय घेऊ नये. पंचेचाळीसच्या उन्हात डोक्यावर भुवईसुद्धा जड वाटते. ऑक्टोबरमध्ये चालव. रामटेक दोनदा, एकदा दीडशे किलोमीटर. परत आल्यावर केस धुवायला आणि वाळवायला किती वेळ गेला तो मोज, कारण खरा खर्च तिथे आहे. पोर्चमध्ये केस पंचाने झटकत उभं राहायला तुला आवडतं की त्याचा वैताग येतो, हे तुझं तुलाच कळेल. वैताग आला तर काप. खांद्यापर्यंत काप, बॉयकट कर, काय हवं ते कर. वैताग नाही आला तर ठेव. बायकी दिसायला ठेवू नको आणि खेळाडू दिसायला कापू नको, बाकी सगळं चालतं.

ब्रेव्हे झाली की किती तासांत पोचलीस ते कळव. केसांचं काय केलंस ते नाही कळवलंस तरी चालेल.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, पोहण्याच्या स्पर्धांत भाग घेते. सोय म्हणून तिने स्वतः बॉयकट मागितला. गेल्या महिन्यात एका स्पर्धेत दुसऱ्या मुलीच्या पालकांनी मोठ्या आवाजात विचारलं, "हा मुलगा मुलींच्यात कसा?" तेव्हापासून ती टोपी काढत नाही. लग्नातही टोपी. आम्ही तिला केस वाढवायला सांगावं का? (एक बाबा, नरेंद्रनगर)

उत्तर : नाही. तिने काही चुकीचं केलेलं नाही, आणि तुम्ही वाढवायला सांगितलंत तर ओरडणारा बरोबर होता असंच तिला वाटेल.

वयोगटाच्या स्पर्धेला नाव देताना जन्माचा दाखला जोडावा लागतो. तो आयोजकांकडे असतो. शंका ज्याला असेल त्याने आयोजकांना गाठावं, अकरा वर्षांच्या पोरीला नव्हे. पुढच्या वेळी असं झालं तर तुम्ही आवाज चढवू नका, मुलीचा हात धरा आणि त्या माणसाला तिच्यासमोरच सांगा : "ही माझी मुलगी. दाखला टेबलावर आहे." ऐकायचं तिला आहे, त्याने ऐकलं नाही तरी हरकत नाही. त्या दिवशी तुम्ही काय बोललात हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. बहुतेक काहीच बोलला नसाल. आपण सगळेच अशा वेळी गांगरतो. पण ते तिच्याशी बोला, मला गांगरायला झालं होतं असं सांगा.

टोपी काढायला लावू नका. ती काढेल.

प्रश्न : मनीषनगरहून सिव्हिल लाइन्सला ऑफिसला सायकलने जाते. वय सेहेचाळीस, केस खांद्यापर्यंत, अर्धे पांढरे. पोचते तेव्हा केस डोक्याला चिकटलेले असतात, हेल्मेटलाही वास येतो. मुली हसतात. उपाय सांगा.

उत्तर : हसू द्या, त्या पार्किंगमध्ये गाडीला जागा शोधत असतात.

हेल्मेटच्या आतल्या गाद्या बहुतेक हेल्मेटांत निघतात, मागे चिकटपट्टी असते. आठवड्यातून एकदा काढून हलक्या साबणाने हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात हेल्मेट ठेवून देऊ नका, गच्चीवर तर अजिबात नाही. हेल्मेटखाली पातळ सुती रुमाल किंवा टोपी घाला, घाम ती पिते. दोन ठेवा, एक येताना, एक जाताना. आदल्या रात्री तेल लावू नका. तेल गादीत उतरतं आणि खरा वास तिथला असतो. तेल शनिवारी लावा, रविवारी धुवा.

पोचल्यावर पाच मिनिटं पंख्याखाली केस मोकळे सोडून उभ्या राहा, ओलेच बांधू नका. पावसाळ्यात हे जास्त सांभाळा, ओल्या बांधलेल्या केसांत कोंडा लगेच धरतो. सायकलच्या पिशवीत एक लाकडी कंगवा आणि क्लचर राहू द्या. मी दोन कंगवे ठेवते, कारण एक नेहमी कोणीतरी मागून नेतं आणि परत देत नाही.